तिसरं पान

१

त्या वर्षी नोएडात सगळंच अर्धवट होतं. रस्ते अर्धे, नाले अर्धे, विजेचे खांब उभे पण त्यांना तारा नाहीत. पुरे होते ते फक्त फलक. परदेशी थंड पेयाचे, रंगीत टीव्हीचे, स्वप्नातल्या घराचे. अशाच एका अर्धवट इमारतीवर मुरलीधर चौकीदार होता. खिडक्यांना चौकटी नाहीत, जिन्याला कठडा नाही, आणि राखायला काय, तर दगड झालेली सिमेंटची पोती. मालक कुठल्याशा खटल्यात अडकलेला, काम बंद. दुसरा कोणी महिनाभरात पळाला असता. मुरलीधरला नेमकी हीच नोकरी हवी होती.

कारण धुळीचा रस्ता ओलांडला की समोर ती पिवळी सोसायटी होती. दिल्लीतल्या मराठी मंडळींनी एकत्र येऊन बांधलेली, चार मजली. चौथ्या मजल्यावर डावीकडे सुधाकर राहायचा. मुरलीधरचा सख्खा धाकटा भाऊ. सख्खा म्हणजे एका आईच्या पोटचा. त्यापलीकडे त्यात सख्खं काही उरलं नव्हतं.

दिवेलागणीला मुरलीधर वरच्या मजल्यावर पोतं पसरून बसायचा आणि बघायचा. सुधाकर चार्टर्ड बसमधून उतरायचा, कोपऱ्यावरच्या बूथवरून दूध घ्यायचा, मान खाली घालून जिना चढायचा. त्याची बायको शुभदा बाल्कनीतले कपडे काढायची, मग आतला दिवा लावून पानं घ्यायची. मूलबाळ नाही. दोन माणसं, दोन ताटं. वर्षानुवर्षं मनात जपलेल्या रागाला असं रोज समोर बसवून बघण्यात एक सुख असतं. ज्यांच्यावर अन्याय झाला नाही त्यांना ते कळायचं नाही.

भाद्रपद लागला त्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं, शुभदा तीन ताटं मांडते आहे.

पाहुणा असेल, तो स्वतःशी म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तीन. तिसऱ्या दिवशीही. पाहुणा येताना दिसला नव्हता, जातानाही नाही. चौथ्या संध्याकाळी त्याला खिडकीकडे पाठ करून बसलेला माणूस दिसला. दिल्लीचा उकाडा अजून ओसरला नव्हता, सुधाकर बनियनवर जेवत होता, आणि त्या माणसाच्या अंगात पुऱ्या बाह्यांचा तपकिरी स्वेटर होता.

२

स्वेटर आईनं विणलेला होता. मुरलीधरसाठी. पाठीवर एक टाका चुकून वर चढलेला. आईची नजर गेली होती तेव्हा.

पण स्वेटर काय, उरला असेल घरात, दिला असेल कोणाला. मुरलीधरनं मनाला गप्प केलं. तुरुंगात माणूस दोन गोष्टी शिकतो, कोणावर विश्वास ठेवायचा नाही आणि स्वतःच्या डोळ्यांवर तर मुळीच नाही.

ते प्रकरण असं. दोघं भाऊ आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. क्वार्टर मुरलीधरच्या नोकरीचं. नोएडाच्या सोसायटीत सभासद म्हणून नावही त्याचंच. एशियाडच्या दिवसांत घरोघरी टीव्ही आले आणि गच्चीवर अँटेनांची भांडणं सुरू झाली. वरच्या मजल्यावरचा चढ्ढा आणि सुधाकर, दोघांची जुंपली. सुधाकरनं त्याला धक्का दिला. चढ्ढा खाली सिमेंटवर पडला तो उठला नाही. मुरलीधर ओरडा ऐकून वर धावला होता. पोलिस आले तेव्हा कठड्याशी तोच उभा होता.

पहिल्या दिवशी त्यानं तोंड उघडलं नाही. थोरला भाऊ ना! धाकट्याचं लग्न ठरलेलं, नवी नोकरी, घाबरलाय बिचारा, उद्या आपणहून सांगेल. आपल्याकडे थोरल्यांना ही खोड आईच्या दुधातून येते. त्यांना वाटतं, आपण गप्प बसलो की समोरच्याला लाज वाटेल. लाज! सुधाकर कोर्टात उभा राहिला, उजव्या हाताचं बोट उचललं आणि म्हणाला, "हाच तो. माझा भाऊ." एवढंच. चार शब्दांत जन्मठेप.

मग बाहेरून लागणारी कडी. रोज संध्याकाळी, लोखंडावर लोखंड. जगातला कुठलाही आवाज मुरलीधर विसरेल, तो नाही विसरणार. आत एका वॉर्डरनं डाव्या पायाचा घोटा फोडला, तो वाकडाच जुळला. तेव्हापासून चालताना पाय घासत यायचा. सर्र, ठप. सर्र, ठप.

सुटका झाली नाही, त्यानं करून घेतली. हॉस्पिटलातून परत आणताना रिंग रोडवर गाडी एका वरातीत अडकली. बँड, घोडा, नाचणारी माणसं, आणि दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेले मजूर. शिपाई बिडी पेटवायला खाली उतरले. मुरलीधरही उतरला, एका दमलेल्या मजुराच्या डोक्यावरची बत्ती आपल्या डोक्यावर घेतली आणि लंगडत वरातीबरोबर निघून गेला. बत्तीखालच्या माणसाकडे कोण बघतं? अख्खी वरात उजळते, बत्तीवाला अंधारातच राहतो.

नंतरची वर्षं वीटभट्ट्यांवर, ढाब्यांवर, दाढी वाढवून, हिंदी बोलत गेली. मराठीत फक्त शिव्या उरल्या, मनातल्या मनात. आणि एक बेत उरला. गच्चीवरून पडलेल्या माणसाची शिक्षा मी भोगली. आता गच्चीवरून एक माणूस पडायचा बाकी आहे.

३

बेतात एकच भोक होतं. सुधाकर गच्चीवर पाऊल ठेवत नसे. का ठेवेल? आणि आता हे तिसरं माणूस. मुरलीधर बस पकडून पहाडगंजला गेला. तिथे मराठी शाळेमागच्या गल्लीत शांतारामभटजी राहायचे. दिल्लीतल्या निम्म्या मराठी घरांची लग्नं आणि तेरावी त्यांच्याच हातची. कोणाच्या घरात कोण आहे, हे त्यांना विचारावं.

भटजींनी दार उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"मुरली?"

"आवाज न करता आत घ्या."

"अरे, तू तर गेलास! मीच घालवला तुला, या हातांनी."

"मग परत आलो. पाणी तरी द्या मेलेल्याला."

भटजींनी पाणी दिलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. मुरलीधर पळाल्याला पाच वर्षंही झाली नव्हती तेव्हा सुधाकर आला होता. दादाचं प्रेत यमुनेत वाहून गेलं म्हणाला. लोकांच्या तोंडी दादा एकदाचा मेला की फ्लॅट नावावर व्हायला अडचण नाही, हे मात्र नाही म्हणाला.

"बारा वर्षं थांबावं लागतं, मी सांगितलं होतं त्याला," भटजी म्हणाले. "ऐकेना. देह नसला की पळसाच्या पानांचा करतात. हाडांच्या जागी देठ, डोक्याच्या जागी नारळ. तुझं नाव, तुझं गोत्र उच्चारलं त्याच्यावर. अंगावर घालायला तुझा कपडा हवा होता. त्यानं स्वेटर आणला."

"तपकिरी."

"हो. तुला कसं..."

"आणि मग जाळलंत मला?"

भटजींनी रिकामा पेला उचलून कोनाड्यात ठेवला.

"भटजी, जाळलंत ना?"

"निगमबोध घाटावर नेऊ म्हटलं. तो म्हणाला, तिथे नाव लिहून घेतात, पोलिस विचारतील. मी नेतो कुठेतरी मोकळ्या जागी." त्यांनी धोतराचा सोगा उगाच सारखा केला. "मी बरोबर गेलो नाही."

"तेराव्याला जेवायला गेलात?"

"गेलो."

मुरलीधर हसला. ते हसणं ऐकून गल्लीतली मांजर उठून गेली.

"दर सर्वपित्रीला तुझं पान वाढतो तो," भटजी घाईनं म्हणाले. "गच्चीवर स्वतः नेतो. बायकोलाही वर येऊ देत नाही. तुझ्या पानाला कावळा शिवत नाही ना कधी, लोकांनी बघायला नको."

मुरलीधरचं हसणं थांबलं. वर्षातून एकदा, भर दुपारी, एकटा, गच्चीवर. आणि कोणासाठी? माझ्यासाठी! मला हाक मारायला! बेतातलं भोक त्या नालायकानं स्वतःच बुजवून ठेवलं होतं.

तो उठला तेव्हा भटजींनी त्याची बाही धरली. "मुरली, आधी माझं ऐक. क्रिया झालेला माणूस परतला तर त्याला पुन्हा जन्माला घालतात. तुपानं न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं. तोवर त्या घरात जाऊ नकोस. तिथे तुझी जागा रिकामी नाही."

"बारसं? पन्नाशीत? पाळण्यात घालाल मला? कुर्र कोण करणार, तुमचे यजमान?" मुरलीधरनं बाही सोडवली. "आधी त्याचं तेरावं. मग माझं बारसं."

४

सोसायटीच्या फाटकाशी कडुनिंबाखाली पार्वती कपडे इस्त्री करायची. मुरलीधर तिथे कोळशावर बिडी पेटवायला थांबायचा. अमावास्येच्या आदल्या सकाळी त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, हिंदीत, की चौथ्या मजल्यावर नवं माणूस आलंय वाटतं.

"नवं कसलं?" पार्वतीनं इस्त्री आपटली. "साहेबांचे थोरले भाऊ आहेत. केव्हापासून आहेत. माझ्याकडे तिघांचे कपडे येतात ना."

"तू पाहिलंस त्यांना?"

"दारातून. कपडे घेताना." तिनं नाक मुरडलं. "कपडे चांगले धुतलेले असतात, पण इस्त्री फिरवली की पाल्याचा वास येतो. सडक्या पाल्याचा. मेमसाबला सांगितलं, तर म्हणते, भावोजींचे आहेत, नीट कर."

मुरलीधरनं स्वतःला समजावलं, की सुधाकरनं कोणीतरी माणूस उभा केला असेल. फ्लॅटच्या कागदांवर सही करायला. तो असल्या गोष्टीत हुशार. हो, तसंच. तोतया.

"बिचारे लंगडतात," पार्वती म्हणाली. "डावा पाय घासत चालतात. सर्र, ठप."

बिडी विझली होती. मुरलीधरनं ती पुन्हा पेटवली नाही. घोटा फुटला तो तुरुंगात. सुधाकर एकदाही भेटायला आला नव्हता. बाहेरच्या जगात त्या पायाची बातमी कोणालाही नव्हती.

तो निघाला तशी पार्वतीनं पहिल्यांदाच त्याच्या चालण्याकडे पाहिलं. मग झटकन मान फिरवली आणि पुढे कधी त्याच्याशी बोलली नाही.

५

सर्वपित्रीच्या दिवशी तो रंगाची रिकामी बादली घेऊन सोसायटीत शिरला. बादली घेतलेल्या माणसाला कोणी अडवत नाही. चौथ्या मजल्यावरून जाताना वड्यांचा वास आला. गच्चीचं दार लोखंडी होतं आणि कडी जिन्याच्या बाजूनं. त्यानं कडीवरून एकदा हात फिरवला. ओळखीची होती.

काळ्या टाक्यांमागे तो बसून राहिला. ऊन चढलं. शेजारच्या छतांवर नव्या नव्या केबलच्या छत्र्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. त्यांच्यावर कावळे होते.

दार करकरलं. सुधाकर आला. जवळून पाहिला आणि मुरलीधरच्या काळजात काहीतरी हललं, म्हणून त्याला स्वतःचाच संताप आला. भाऊ वाळून गेला होता. गालाची हाडं वर, मान बारीक, हातातली पत्रावळ धरून ठेवायलाही बळ नसल्यासारखा. त्यानं पान कठड्यावर ठेवलं. भात, खीर, वडा, आमसुलाची चटणी. पाणी फिरवलं.

"काव, काव. ये रे दादा."

कावळे बघत होते. एकही उडाला नाही.

"ये रे. या वर्षी सांगतो सगळ्यांना. खरं काय ते सांगतो. शप्पथ. घे एवढा घास."

"हे गेल्या वर्षीही म्हणाला असशील," मुरलीधर टाकीमागून पुढे आला. इतक्या वर्षांनी मोठ्यानं मराठी बोलला तो, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

सुधाकर घाबरेल, पाया पडेल, पळेल. सगळं योजून ठेवलं होतं. सुधाकरनं यातलं काही केलं नाही. तो जवळ आला, मुरलीधरच्या कपाळाला हात लावला, आणि ती ओली बोटं उन्हात धरून बघत राहिला.

"घाम," तो म्हणाला. "तुला घाम येतोय. दादा, तू खरा आहेस." आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. "त्याला येत नाही रे घाम."

"कोण आहे घरात?"

"माळ्यावर ठेवलं होतं मी ते, पळसाचं. म्हटलं, नंतर बघू कुठे जाळायचं. राहून गेलं. मग पावसाळ्यात वर खुडबुड सुरू झाली. उंदीर असतील म्हटलं. आणि एक दिवस शुभदानं तीन पानं घेतली. मी विचारलं, तिसरं कोणाचं? ती म्हणाली, अहो असं काय करता, भावोजींचं."

"बोलतो?"

"एवढंच एक. जेवताना माझ्याकडे बोट करतो आणि म्हणतो." सुधाकरनं डोळे मिटले. "मी कोर्टात म्हणालो होतो ते."

मुरलीधर एक पाऊल पुढे आला. भीती होती की नाही, त्याला सांगता आलं नसतं. राग मात्र होता. हा भाऊ माझा. हा सूड माझा. वीटभट्टीच्या धगीत मी तो जिवंत ठेवला, आणि इथे पळसाचा पाला माझा स्वेटर घालून, माझ्या पानावर जेवत, तो रोज थोडा थोडा घेतोय?

"दादा, मला ढकल. तूच ढकल. मी हूं का चूं करणार नाही. पण त्याच्या हाती देऊ नकोस मला."

तेवढ्यात जिन्यात आवाज झाला.

सर्र, ठप. सर्र, ठप.

सुधाकरनं बोट उचललं. उजव्या हाताचं, तेच बोट. दाराकडे दाखवलं.

मुरलीधर उघड्या दाराच्या मागे सरकला. दार आणि भिंत यांच्यात फट होती. तिच्यातून आधी वास आला, ओल्या सडक्या पाल्याचा. मग तपकिरी बाही. मग एक हात. हाताच्या मधोमध एक जाड शीर होती, आणि तिच्यातून दोन्ही अंगांना सारख्या अंतरानं बारीक शिरा गेल्या होत्या, काठापर्यंत. पाठ गेली. पाठीवर एक टाका वर चढलेला. त्याच्या वर मुरलीधरनं पाहिलं नाही.

पाहायला हवं होतं का? मान वर केली असती तर काय दिसलं असतं? त्यानं केली नाही. तो दाराला वळसा घालून जिन्यात शिरला. मागे वळला तेव्हा सुधाकर कठड्याला टेकलेला होता आणि हात पुढे करून त्याच्याकडेच बघत होता. लहानपणी नाला ओलांडताना करायचा तसा हात.

मुरलीधरला कोर्ट आठवलं.

त्यानं दार ओढलं आणि कडी लावली. लोखंडावर लोखंड.

पलीकडून मुरलीधरचाच आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा. "हाच तो. माझा भाऊ."

"दादा!" सुधाकर ओरडला. दोघांतल्या कोणाला, ते कळायला मार्ग नव्हता.

६

चौथ्या मजल्यावरचं दार उघडं होतं. टेबलावर तीन पानं मांडलेली. शुभदा पाठमोरी, खिरीत डाव फिरवत होती. पावलं ऐकून तिनं वळून पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. त्या घरात मान वर न करण्याची सवय मुरलेली दिसत होती.

"बसा भावोजी. हे येतीलच वरून."

मुरलीधर तिसऱ्या पानावर बसला. जागा त्याच्या मापाची होती. ती आली, खाली बघत वाढायला लागली. भात. वरण. वडे. तो जेवायला लागला. आधाशासारखा नाही. सावकाश, हक्कानं. माझं घर, माझं पान.

"आज पाय वाजला नाही तुमचा," शुभदा म्हणाली.

त्यानं टेबलाखाली पाहिलं. डावं पाऊल सरळ होतं. घोट्यावरचं आवाळू गेलं होतं. जिना उतरताना दुखलं नव्हतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. कपाळावर हात फिरवला. कोरडं.

वर, छताच्या पलीकडे, सर्र, ठप.

शुभदाचा डाव हवेतच थांबला. खिरीचा एक थेंब पानावर पडला. सर्र, ठप. आवाज छतावरून कठड्याच्या बाजूला गेला. तिथे थांबला. क्षणभर सगळ्या सेक्टरमध्ये काही हाललं नाही. मग छत्र्यांवरचे सगळे कावळे एकदम उठले, एकदम ओरडले, आणि गच्चीवर उतरल्याचा आवाज झाला. पुष्कळांचा. इतक्या वर्षांत कोणी न शिवलेल्या पानावर.

खाली फाटकाशी पार्वती किंचाळायला लागली.

शुभदा खिडकीकडे गेली नाही. तिनं हळूहळू मान वर केली. दाढी, मळका शर्ट, चौकीदाराची शिटी गळ्यात. स्वेटर नव्हता.

"वर भावोजी आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मग तुम्ही कोण?"

या दारात उभं राहून काय बोलायचं, ते त्यानं कोठडीत पाठ केलं होतं. आधी नाव. मोठ्यानं. मग बाकीचं सगळं. त्यानं तोंड उघडलं. आईची हाक आठवली, चुकलेला टाका आठवला, कोर्टात पुकारलेला आकडा आठवला. नाव आठवेना. ते वर कोणीतरी आधीच घेतलं होतं, आणि कडी त्यानं स्वतःच लावली होती.

किंकाळ्या वाढत होत्या. जिन्यात माणसं धावत होती. सर्र, ठप, आता गच्चीच्या दाराकडे परत येत होतं.

त्यानं पान पुढे सरकवलं.

"खीर वाढा," तो म्हणाला.